बारदान वजा

काल रात्री नऊनंतर पाण्याशिवाय काही नाही.
सकाळचा चहाही नाही. हे मंदाने
हिशेबपट्टीच्या मागे लिहून फ्रिजला चिकटवलं,
जसं काही मी विसरायलाच बसलोय.

कोपरखैरणे, दवाखान्याचा दुसरा मजला.
काउंटरवरच्या मुलीने विचारलं, नाव?
उत्तम.
तब्येत नाही हो काका, नाव विचारतेय.
म्हटलं, नावच उत्तम. उत्तम पिलाजी भिलारे.
ती हसली. अकरा तासांच्या उपाशी पोटाला
तेवढंच काय ते मिळालं.

मग पिवळ्या झाकणाची डबी.
पहिली धार सोडा, मधली धरा.
पंचावन्न वर्षांत हे काम
कोणी मला इतकं नीट समजावून सांगितलं नव्हतं.
बाहेर आलो तर माझ्यासारखेच चौघे,
चौघांच्याही मुठी झाकलेल्या,
कैऱ्या चोरलेल्या पोरांसारख्या.

काट्यावर उभा राहिलो.
एकतीस वर्षं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात आहे मी,
पहिली नऊ पाठीवर गोणी घेऊन,
पुढची सगळी तोलणार म्हणून.
नुसती हमालाची चाल बघून
गोणीचं वजन किलोच्या आत सांगतो.
मनात म्हटलं, चौऱ्याहत्तर.
लाल आकडे थरथरले, थांबले.
अठ्ठ्याहत्तर चारशे.
बारदान वजा करा, मी म्हणालो.
तिला कळलं नाही.
कपडे, पट्टा, किल्ल्या, मोबाइल, पाकीट,
धरा दीड किलो.
उरलेले तीन कुठून आले?

मूठ आवळा काका, मुंगी चावेल.
रक्त काळपट निघालं, मला लालभडक वाटलं होतं.
मग छातीला गार चिमटे, हलू नका, बोलू नका,
आणि यंत्राने माझं काळीज एका पट्टीवर लिहून काढलं,
मोडीसारखं. एक अक्षर लागेना.

डॉक्टर मढवी माझ्या पोराहून फार तर चार वर्षांनी मोठा.
दार लावलं. पँट खाली.
जांघेत दोन बोटं ठेवून म्हणाला, खोका.
खोकलो.
पुन्हा.
मी पंख्याची पाती मोजत राहिलो. तीनच होती.
मग हात धुता धुता, सहज,
रात्री लघवीला किती वेळा उठता?
एकदा.
तो काही बोलला नाही, नळ बंद करून नुसता बघत राहिला.
काट्याला बोट लावणारे
मी आजवर कितीतरी पकडलेत.
तीनदा, म्हणालो.

वडील कशाने गेले?
अचानक.
अचानक हा आजार नसतो काका.
साखर होती? दाब? छातीत दुखायचं?
अंगणात तोंड धुतलं, टॉवेल मागितला,
आई टॉवेल घेऊन आली तोवर
मागणारा नव्हता. एवढंच माहीत आहे.
वय?
साठीच्या आत. तेही अंदाजे.
माझ्या नावाच्या मधोमध बसलेला माणूस,
आयुष्यात कधी काट्यावर चढला नाही.
मढवीने तो चौकोन रिकामाच ठेवला
आणि पान उलटलं.

नाश्त्याचं कुपन मिळालं. दोन इडल्या, चटणी पाणचट.
दोन तासांनी पुन्हा रक्त, रिपोर्ट गुरुवारी.
बाकावर बसून पुण्याला फोन लावला.
बाबा? एवढ्या सकाळी? काय झालं?
काही नाही रे प्रणित, कागद घे, लिही.
वजन शहात्तर नऊशे, बारदान वजा करून.
रात्री तीनदा उठतो.
आज कशाला हे?
लिही तू.
आणि आईला विचारू नकोस,
ती चार म्हणेल.