दोन भोंग्यांमधलं अंतर

त्याचं नाव धोटा. मौलालीनं ठेवलेलं.
स्टेशन ते गिरणी, गिरणी ते स्टेशन,
मागावरच्या धोट्यासारखा दिवसभर
एकच धागा ओढायचा, म्हणून.

रंगानं मळका, ओल्या पोत्यासारखा.
डाव्या कानाला कातर.
उभा राहिला की मागचा एक पाय सैल सोडून
खुराच्या टोकावर टेकायचा,
पानपट्टीशी उधारीवर उभा असावा तसा.
हुसेनी नालबंद म्हणायचा,
याचे तीनच नाल झिजतात;
चौथा पाय जमिनीला नुसता विचारून येतो.

शर्यत गड्ड्यानंतरच्या सोमवारी.
बाळ्याच्या खंडोबापासून गिरणीच्या फाटकापर्यंत.
पहिल्या भोंग्याला सुटायचं,
दुसऱ्याच्या आत पोचायचं.
मधे दहा मिनिटं.
चौखूर उधळला तो बाद, दुडक्या चालीनंच यायचं,
टांग्यात हाकणारा आणि ज्वारीचं एक पोतं.
वैरागचा काळा एका साली पुलापर्यंत आला होता,
गुलबर्ग्याची तुरेवाली घोडी त्याच्या चार खांब पुढं.
भोंगा सगळ्यांना वाटेतच गाठायचा.

मी बॉयलरवर होतो.
वय एकोणीस, नाव नरसय्या गुंडेटी,
भोंग्याची साखळी माझ्या हातात.

सहा पन्नासला ओढली.
मग खिडकीशी उभा राहिलो.
उजाडत होतं. भिंतीवर, छपरांवर, उभ्या ट्रकांच्या टपांवर माणसं,
रात्रपाळीचे लोक केसांत कापूस घेऊन तसेच थांबलेले,
आणि मधे रस्ता, रिकामा,
आमच्या शहरात कधी नसतो इतका रिकामा.

आठव्या मिनिटाला छपरावरची पोरं उठली.
मला आधी वाफ दिसली,
घोडा नंतर.
माझ्या पाठीशी बॉयलर श्वास घेत होता, समोर तो,
आणि क्षणभर कळेना
मी कुणाच्या दाबावर नजर ठेवायची.

मौलालीच्या हातात चाबूक नव्हता.
लगाम मांडीवर टाकलेला.
ओठ हलत होते.
नंतर विचारलं तेव्हा म्हणाला,
काय बोलणार, घर आलं म्हणालो, चणे भिजवलेत म्हणालो.

काटा सातवर आला.
माझा हात वर होता.

लोक सांगतात ते खरं आहे:
फाटकाच्या दगडाला नाल घासला, ठिणगी उडाली,
आणि मग भोंगा झाला.
आधी ठिणगी. मग भोंगा.
हजार माणसांनी पाहिलंय.

बायकांनी रिळावरचं सूत सोडून त्याच्या गळ्यात घातलं,
लाल, पिवळं, गुंता झालेलं.
कुणी गुळाचा खडा दिला, त्यानं थुंकला,
सुताचं एक टोक मात्र चघळत राहिला.
टाइम-ऑफिसचे सादूलमास्तर खडू घेऊन आले
आणि फाटकावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: आत.
आकडा नाही. तेवढंच.

त्या सकाळी मागाहून धापा टाकत आलेल्या
चाळीस-पन्नास जणांचाही खाडा पडला नाही.
सादूलमास्तरांनी रजिस्टरवरून माझ्याकडं पाहिलं,
चष्मा धोतराला पुसला,
सही केली.

पुढं पाच वर्षं धोटा सवाऱ्या ओढत होता,
चार आणे जास्त देऊन लोक त्याच्याच टांग्यात बसायचे.
मग तो गेला. मग मौलाली.
मग गिरणी, साखळीसकट भंगारात.
फाटकावर किती रंग चढले, पावसानं किती उतरवले,
खडू कधीच गेला होता.

आता हायवेच्या बाजूला पोरं टांगे पळवतात,
हलकी चाकं, मोबाइलवर सेकंदाचे तुकडे मोजतात.
चांगली पोरं आहेत.
येऊन विचारतात, आजोबा, धोट्याला नेमका किती वेळ लागला?
आत, मी सांगतो.
किती आत?
मी त्यांना चहा देतो.

मोडायचा तर मोडा रे तो विक्रम,
पण आधी भोंगा आणा.

सकाळी सातला अजून
उजवा हात आपोआप वर जातो.
सूनबाई विचारते, दुखतोय का खांदा?
नाही म्हणतो.
तसाच धरून ठेवतो थोडा वेळ,
तो पुलाच्या अलीकडं आलेला असतो.