तेवीस फोन

कमोडोर गेला तेव्हा खिडकीत ऊन होतं.
पाणी पिऊन वळला,
वळता वळता आडवा झाला, बस्स.
मला वाटलं, लोळतोय.
सहा वर्षांचा. नऊ किलोंचा. शेपूट माझ्या दंडाएवढी.

डॉक्टर मिशो म्हणाली, काळजाची भिंत जाड होत गेली,
आत आत सरकत आली,
रक्ताला खोलीच उरली नाही.
पण त्याला कधी धाप लागली नाही, मी म्हणाले.
नाही लागत कधी कधी, ती म्हणाली
आणि कुपीवर त्याचं नाव लिहिलं.

ओळखीच्या दोन चुका आधी शोधल्या प्रयोगशाळेनं. नव्हत्या.
मग सगळाच बोका वाचायला घेतला,
पहिल्या अक्षरापासून, अब्जावधी अक्षरं:
मिशा, डोळे, बोटांमधले केस,
माझ्या उशीवरची त्याची जागा
(ती नसावी तिथे लिहिलेली).

मार्चमध्ये, खाडी अजून गोठलेली असताना, पत्र आलं.
एका जागी, एकाच,
जी हवा तिथे सी.
दिन लिहायचं होतं, दीन झालं.
शाळेत यासाठी अर्धा गुण कापायचे.

घरातल्या अकरा मांजरांच्या गालांत ब्रश फिरवला.
प्रत्येकी दहा सेकंद. जुनिपर चावली.
मांजरीचे दात पिल्लांना लागत नाहीत म्हणतात, खरंय,
मानेला धरून जिना उतरते ती, एक ओरखडा नाही.
बापाचं अक्षर मात्र लागलं.
चौघांना.

भिंतीवर त्याच्या रिबिनी: बँगोर, पोर्टलंड, एकदा थेट बॉस्टन.
वही काढली. विकलेली पिल्लं, तेवीस घरं.
जे पिल्लू अगदी बापावर गेलंय म्हणून
मी शंभर डॉलर जास्त घेतले होते,
तो नंबर आधी फिरवला.

कुणी रडलं.
कुणी पैसे परत मागितले.
एक म्हणाली, आमचं तर गेल्या वर्षीच गेलं,
आम्हाला वाटलं, आमच्याच हातून काही झालं असेल,
आणि थँक्यू म्हणाली. तीनदा.

सतरावा फोन एलवुड बील, जोन्सपोर्ट,
लॉब्स्टरचे सापळे दुरुस्त करतो.
सगळं ऐकून घेतलं. मागे रेडिओवर हवामान चालू होतं.
मग म्हणाला,
माझा भाऊ मर्ल, एकेचाळीसचा,
दोर ओढता ओढता बोटीत खाली बसला
आणि बसलेलाच राहिला.
बाबांचंही तसंच, धक्क्यावर. आम्ही म्हणायचो, थंडीनं नेलं.
रेडिओ बंद केला त्यानं.
तुमचा तो ब्रश, म्हणाला,
माणसाच्या गालात चालतो का?

मी म्हणाले, मला नाही माहीत.
मी म्हणाले, मिशो मांजरांची डॉक्टर आहे, तुम्ही बँगोरला मोठ्या हॉस्पिटलात जा, जाच.
जाईन, म्हणाला. नातू आठ वर्षांचा आहे. पळतो फार.
आणि मांजर? मी विचारलं.
मांडीवर आहे, म्हणाला. ऐकतंय.

खोक्यात एक ब्रश उरला होता.
पाकिटात घालून त्याच्या पत्त्यावर टाकला.
उपयोग नाही, माहीत आहे मला.
दुसरं काही पाठवता येईना.

अजून सहा नंबर बाकी.
जुनिपर वहीवरच येऊन बसलीय,
उठवावं लागेल.