शिळं पाणी

पर्वतीच्या जलकेंद्रात एकोणतीस वर्षं
मी पाण्यात क्लोरीन सोडतो.
धनकवडीला घरी आलो की तेच पाणी बादलीत भरून
दोन दिवस गॅलरीत उघडं ठेवतो,
माझंच औषध उडून जावं म्हणून.

उज्ज्वला म्हणते, आमच्या माहेरी
शिळं पाणी तुळशीलासुद्धा घालत नव्हते.
मी म्हणतो, माशांना ताजं मारतं.
ती म्हणते, बरंय.

पहिली जोडी आरोग्य खात्याच्या पिंपातली.
डेंग्यूच्या साथीत वाटायला आणलेले गप्पी,
वाटून उरलेले.
पाण्याच्या बाटलीत दोन घातले,
स्कूटरच्या हुकाला पिशवी,
स्वारगेटच्या सिग्नलला पाय टेकून
वाकून बघितलं, आहेत का.
होते.

नर नखाएवढा.
शेपटीवर नारिंगी ठिपके दोन,
तेवढ्या भांडवलावर दिवसभर तोरा.
मादी राखाडी, पोटाळू, कामात.
दिवाळीपर्यंत पिल्लं झालीही असतील,
मला दिसली नाहीत.

नरकचतुर्दशीला नराने उडी मारली.
झाकणाला बोटभर फट होती, माझीच चूक.
सापडला तेव्हा रांगोळीच्या डब्यामागे
वाळून चिंचेचं साल झाला होता.

आणि डिसेंबरात
मादीच्या पोटाखालचा डाग पुन्हा काळा होत गेला.

कसबा पेठेत इम्तियाजच्या दुकानात विचारलं.
नर नाही, दोन महिने झाले, मग हे कसं?
जाळीने मॉली पकडता पकडता तो म्हणाला,
"काका, एकदा पुरतं. ती साठवून ठेवते.
लागेल तसं काढते, सहा-सहा महिने."

परतताना पेट्रोल भरायचं राहून गेलं.
सिंहगड रस्त्याला किती लाख लिटर, कात्रजला किती,
कुठली टाकी किती तास पुरेल,
हे मला झोपेत विचारा.
करंगळीएवढ्या पोटातला साठा
कुठल्या रजिस्टरात लिहायचा?

रात्री साडेदहा.
अंडं नाही, काही नाही,
पिल्लू सरळ आईतून पडतं,
घडी घातलेलं, डोळे दोन, बाकी काच.
बुडत जातं,
आणि तळाचे खडे लागायच्या आत
उलगडतं, पळतं.
पळायलाच हवं,
आईचं तोंड लगेच वळलेलं असतं.

उज्ज्वला, मी हाक मारली, लवकर ये.
ती पीठाच्या हातांनी आली. मोजत बसली.
सदतीस.
मी हायड्रिलाची जुडी सोडली लपायला,
तिने भाजीची प्लास्टिकची जाळी कापून आडवी लावली.

सकाळी बावीस.

"बाळंतीण उपाशी होती वाटतं," ती म्हणाली,
आणि जरा थांबून,
"डिंकाचे लाडू करू का?"
मी हसलो. तीही.
मग दुपारी पाळीवरून आलो तर
खरंच खोबरं भाजल्याचा वास.
आपल्या घरात बाळंतिणीचं काही करायची
वेळच आली नव्हती कधी.
तिला ते लाडू येतात हे मला
लग्नाच्या सव्विसाव्या वर्षी कळलं.
माशांना उकडलेल्या अंड्याचा बलक, चिमटीतून,
लाडू आम्ही दोघांनी खाल्ले.

फेब्रुवारीत पुन्हा एकोणीस.
आता आमच्या हातात लोणच्याची बरणी दिसली की
लोणकरांचं दार आतून बंद होतं.
त्यांच्या ईशानने सात नेले, त्यातले चार आहेत.
वॉचमनने पिंपात सोडायला मागितले.
एक मुलगी फक्त नावं ठेवून गेली, नेलं काहीच नाही.

एकतीस मार्चला मी निवृत्त.
साहेबांनी नारळ दिला, शाल दिली.
शेवटच्या पाळीत डोस नेहमीएवढाच सोडला,
शहराला ताजं पाणी लागतं.

घरी आलो तर गॅलरीत
माझ्या निळ्या बादलीशेजारी आणखी एक, लाल,
काठोकाठ भरलेली, वर झाकायला साडीची जुनी जाळी.
बादलीवर खडूने तिने लिहिलंय: मंगळ.

हात धुवायला वाकलो तशी आतून ओरडली,
"गुरुवारपर्यंत शिवायचं नाही हं त्याला."