त्र्याण्णव मापं गप्प

रणभिसेबाई आधी घरी आल्या. वही घेऊन.
खडकीतला आमचा जिना चढून बसल्या,
पाणीही न घेता विचारलं,
"तुपे, साठीनंतर एका श्वासात
किती टिकतो तुमचा सूर?"
म्हटलं, अकरा सेकंद.
चहा-खारी झाली असेल तर नऊ.
त्यांनी दोन्ही आकडे लिहून घेतले.

अशा म्हणे एकावन्न घरी जाऊन आल्या.
दस्तूर मॅडमना विचारलं, थंडीत कुठलं बोट दुखतं.
डबल बासवाल्या पोराला, हा रिक्षात मावतो का?
नाही मावत. टेंपो लागतो.
दुसऱ्या भागात बास तीन मापं उशिरा येतो,
धापा टाकत, भाडं चुकतं करून आल्यासारखा.

मला आपलं वाटायचं, सिंफनी सुचते.
ही तर बांधताना पाहिली, परांचीसकट.
बाईंच्या घरी दारापासून मोरीपर्यंत
भिंतीला खाकी कागद. त्यावर चढ, उतार,
"इथे पितळ नको", "इथे सगळे, पण हळू",
आणि एका जागी नुसतं "काहीतरी". भोवती गोल.
आठ महिने गोल तसाच.
मधे एक चाल बसवली होती त्यात. छान होती,
मी घरी भांडी विसळताना गुणगुणायचो.
एका मंगळवारी गेलो तर चटईभर
खोडरबराचा भुगा.
"छान होती म्हणूनच," बाई म्हणाल्या,
"पुढचं कुणी ऐकलं नसतं."

पलटणीच्या बँडात तीस वर्षं चालत वाजवलं,
गप्प बसायची सोय नव्हती तिथे.
इथे तिसऱ्या भागात माझ्या पानावर
एक जाड आडवी रेघ, वर आकडा: ९३.
चार मात्रांचं एक माप, अशी त्र्याण्णव.
ट्रॉम्बोन मांडीवर, झोपलेल्या नातवासारखा.

कँपातल्या शाळेचा हॉल. एप्रिल.
बाकं पाचवीच्या पोरांची, गुडघे छातीशी.
पंखे बंद, तरी कागदांना कपड्यांचे चिमटे.
मी मोजतोय, पेरांवर.
व्हायोलिनं एकमेकांच्या अंगावरून जातायत,
बासरी काहीतरी विचारते, कुणी उत्तर देत नाही,
एकोणसाठ, साठ,
नाकावर घाम, पुसला तर आकडा सुटेल,
बाई शेवटच्या बाकावर, डोळे मिटून,
एक्क्याण्णव, ब्याण्णव

आणि मी.
एकच सूर. गोलातला.
त्याच्या डोक्यावर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं: नऊ.
अकरा नव्हे.
खारी खाऊन आलेल्या माणसाचा सूर.
आठवा सरतो, छातीत काही उरत नाही,
तो जमिनीला टेकायच्या आत
ओबोवाली अठरा वर्षांची पोर
वरच्या पट्टीत अलगद उचलते.
सांधा कुणाला दिसत नाही.
पहिल्या तालमीला मलाही वाटलं,
अजून मीच वाजवतोय.

मग पुन्हा रेघ. आकडा: ४०.
एक,
दोन,