हात दाखव बे

अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यांमागं
मागाचे सुटे भाग पाडणारं आमचं वर्कशॉप.
नव्या पोराला पहिल्या दिवशी कुणी नाव विचारत नाही.
"हात दाखव बे," म्हणतो मल्लेशम गाजूल,
आणि पोरगं दोन्ही पंजे पुढं करतं,
शाळेत नखं तपासायला करतात तसं.
"धा? पुरी धा?
सीलबंद माल हाय की अजून!"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, ते हेच.

मग चार वाजता, चहाला, ओळखपरेड.
मल्लेशम: साडेआठ.
इसाकभाई: नऊ, पण गेला तो अंगठा, म्हणून आठच धरा.
रेवणसिद्ध हत्तुरे: दहा, त्यातलं एक वाकडं,
ते कायम मालकाच्या केबिनकडं बघतं.
मी: आठ. उजव्या हाताची करंगळी आणि तिची शेजारीण.
शेजारणीची अंगठी बायकोनं काळ्या पोतेत ओवली.

पाचही बोटं सारखी नसतात, म्हणतात लोक.
आणा इकडं, सारखी करून देतो.

प्रेस चाळीस टनी, पिवळा रंग उडालेली.
मल्लेशम तिला पाहुणी म्हणतो:
बोट दिलं की हात धरते.
तिला गार्ड होता. माल कमी निघतो म्हणून काढला.
आता मागं भिंतीला टेकून उभा असतो,
त्यावर आम्ही बनियन वाळत घालतो.

गड्ड्याच्या जत्रेत इसाकभाईनं ज्योतिषापुढं पंजा धरला.
तो म्हणाला, आयुष्यरेषा लांब आहे.
इसाकभाई म्हणाला, पुढचं राहू द्या महाराज,
मागचं सांगा, अंगठा कुठं पडला?
आणि रेशनच्या मशीनसमोर म्हणाला,
"आपण तर अंगठाबहाद्दरसुद्धा राहिलो नाही."
हे तो दर महिन्याला सांगतो.
आम्ही दर महिन्याला हसतो.

पोराचं नाव नंतर कळलं. श्रीशैल बुर्रा.
तो हसायचा नाही.
कडक भाकरी शेंगाचटणीत चुरायचा
आणि आमच्या हातांकडं बघत राहायचा.
"काय बघूलालास बे?"
"काही नाही काका, मोजूलालो."

बाविसाव्या दिवशी, दुपारपाळीला,
आवाज नेहमीचाच आला.
प्रेसला पत्र्यातला फरक कळत नाही.
मल्लेशम गुडघ्यावर बसला, बुऱ्यात चुंबक फिरवू लागला.
सवय. खिळा पडला की तसंच शोधतो.
चुंबकाला लोखंड चिकटत राहिलं.
बोट मला दिसलं, तेलाच्या डब्यामागं.
नख आदल्या दिवशीच कापलेलं असावं.

रसवंतीवाल्याचा बर्फ, चटणीची रिकामी पिशवी, रिक्षा.
रिक्षात कुणी विनोद केला नाही.
सात रस्ता येईपर्यंत
माझ्या मांडीवरचा बर्फ गुलाबी.

डॉक्टरांनी पिशवीत पाहिलं
आणि पिशवी परत माझ्याकडंच दिली.

रात्री ड्रेसिंगचा मोठा बोळा छातीवर धरून
श्रीशैल बराच वेळ छताकडं बघत होता.
मग म्हणाला, "काका, मालकाला सांगा,
हातमोजे आता नऊ बोटांचे शिवा,
तेवढंच कापड वाचतंय."

इसाकभाई आधी फुटला.
मग मल्लेशम, तोंडावर गमजा धरून.
मग मी. सिस्टर ओरडत आली तरी थांबेना.
त्या हसण्यात पोरानं आम्हांला माफ केलं असेल,
किंवा आम्ही त्याला आमच्यात घेतलं असेल.
दोन्ही वाईटच.

सकाळी पाळीच्या आधी फळ्यापाशी गेलो.
'अपघाताशिवाय दिवस', आणि पुढं कुणीतरी कधीतरी लिहिलेलं ३१२.
पुसलं.
खडू धरायला तीन बोटं पुरतात.
शून्य चांगलं आलं, गोल,
अंगठीएवढं.

गार्डवरचं बनियन वाळलं होतं.
ते काढून अंगात घातलं.