सहा नंबरचा तुकडा

सावद्याच्या पुढे नऊ किलोमीटर, मोरगव्हाण फाटा.
इथली काळी माती पावसात फुगते
आणि चैत्रात अशी फाटते
की रुबाब तडवीच्या हातातली मोजपट्टी
भेगेत गेली, ती अजून वर आलेली नाही.
साहित्य नोंदवहीत मी लिहिलं: मातीत जमा.
लेखाधिकाऱ्यांनी त्यावर लाल गोल काढला.

सहाशे मीटर रस्ता, शंभराचे सहा तुकडे.
पहिल्यात चुना तीन टक्के, दुसऱ्यात पाच,
तिसऱ्यात दीपनगरची राख,
चौथ्यात राख आणि चुना,
पाचव्यात केळीच्या सोपटाचा धागा, बोटभर कापलेला
(हा वरच्या कार्यालयात फार आवडला, फोटोसकट).
सहाव्यात काही नाही.
त्याला हात लावायचा नाही,
एवढंच त्याचं काम.

संशोधन म्हटलं की लोकांना भिंगं दिसतात, पांढरे कोट.
मला दिसतो मार्चअखेर परत जायला टपलेला निधी,
भुसावळच्या नाक्यावर अडकलेला राखेचा टँकर,
मनुदेवीला गेलेला रोलरवाला,
आणि शेहेचाळीस अंशांत पत्र्याच्या शेडमध्ये
करारावरच्या पोरांना पुन्हा पुन्हा सांगणं,
की आकडा मनासारखा आला नाही
म्हणून आणखी ठोकायचं नसतं.
तीन थर. थराला पंचवीस ठोके.
सव्विसावा ठोका म्हणजे खोटी साक्ष.

सहा नंबरसमोर कलाबाई फेगड्यांचं घर.
पहिल्याच पावसाळ्यात तिथे घमेल्याएवढे खड्डे.
केळीचा ट्रक गेला की घड हिंदकळतात,
तिच्या ओट्यावर चिखलाची नक्षी.
"बाई, पाच जागी औषद लावलं,
आमच्याच दाराम्होरे कायले सोडलं?"
मी म्हणाले, काकू, काहीच केलं नाही तर काय होतं
हेही कळायला हवं ना.
ती म्हणाली, "ते तं आम्हाले मालूमच हाये."

हे वाक्य लिहायला
आमच्या तक्त्यात रकाना नाही.

दर तीन महिन्यांनी आम्ही भरलेला ट्रक उभा करायचो,
चाकांच्या जोडीमधून दांडा सरकवायचो,
ट्रक हळूच पुढे काढायचो
आणि बघायचो, ओझं गेल्यावर
रस्ता किती वर येतो.
मिलिमीटरचे शंभरावे भाग.
रुबाब काट्याशी बोलायचा, मी लिहायची.

पोळ्यानंतरच्या आठवड्यात गेलो, तर सहा नंबर भरलेला.
एका रात्रीत. वीटभट्टीचा खंगर, मुरूम,
कारखान्याची मळी ओतून वर ट्रॅक्टर फिरवलेला.
बावीस महिन्यांची वाचनं
मळीच्या वासात गेली.

वरून फोन आला: उखडा, पूर्वस्थितीत आणा.
म्हणजे खड्डे पाडा.
मी दरसूची उघडली.
खड्डे बुजवण्याचा दर आहे, घनमीटरला,
पाडण्याचा नाही.
तसं कळवलं. लेखी. प्रत माहितीसाठी.
अजून उत्तर नाही.

अहवालात लिहिलं: तुकडा सहा, ग्रामस्थांकडून दुरुस्त,
तुलना बाद. पाचव्याचा धागा कुजला, तेही लिहिलं,
फोटोसकट.

आणि रुबाबला म्हटलं, त्या मिश्रणाचं पोतं भरून आण.
प्रमाण विचारलं तर कलाबाई म्हणाली, अंदाजानं.
किती अंदाजानं?
तिने दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली,
पोरांनी ती ओंजळ तराजूत तोलली.

आता साचा पाण्यात आहे.
चार दिवस भिजू द्यायचा असतो,
वरचा काटा सांगतो किती फुगलं.
आज तिसरा दिवस, रविवार.
रुबाब सायकलवर येऊन वाकून बघतोय.
काटा हललेला नाही.
किंवा अडकला असेल.
तो टिचकी मारायला बोट उचलतो,
मी ओरडते, हात लावू नकोस.