मागच्या सप्टेंबरची गाजरं

कायानीच्या शाळेत, मे महिन्यात,
तळ्यावरचा बर्फ काठापासून सुटत होता तेव्हा,
हिल्कानं चौदा किलो गाजर किसलं.
मागच्या सप्टेंबरचं. तळघरात हिवाळा काढलेलं.
थंडीत सगळं झोपतं, असं आपण धरून चालतो.
एक जिवाणू झोपत नाही.
काही शेंड्यांना काळसर डाग होते, एवढंच.
तिनं ते कापून टाकले. कुणीही तेच केलं असतं.

पोरांची पोटं दुखली.
एकाचं तर अपेंडिक्स काढलं, ते चांगलंच निघालं.
आठवडाभरात सगळी परत मैदानात.
कळ हिल्कालाही आली होती,
पण तेवढ्यासाठी रजा कोण घेतं?

जून. उजेड मावळेना.
सकाळी उजवा गुडघा कोबीच्या गड्ड्याएवढा,
टाच टेकवेना, एक डोळा लाल.

डॉक्टरीणबाईंनी सुईनं पाणी काढलं,
ताकाच्या निवळीसारखं, गढूळ.
काचेच्या बशीत दिवसचे दिवस ठेवलं.
काही उगवलं नाही.

चोर घरात नव्हताच.
त्याच्या अंगरख्याच्या चार चिंध्या तेवढ्या सांध्यात अडकलेल्या,
आणि शिपाई अजून दारं फोडत होते.
चोर सोडून संन्याशाला सुळी.

बाकावर शेजारी ताउनो, लाकडाच्या ट्रकवरचा:
अर्धी कच्ची कोंबडी, शेकोटी, मग हाच गुडघा.
पलीकडे बावीस वर्षांचा येरे.
त्याला विचारलं तर तो खिडकीबाहेर बघू लागला.
बाईंनी पुढं विचारलं नाही,
लघवीची बाटली हातात दिली.
वाटा वेगळ्या. लंगडणं एकच.

सव्वाशे जणांनी तोच किस खाल्ला होता.
मीच का, हे तिनं विचारलं नाही, पण बाईंनी सांगितलं:
रक्तात एक खूण असते, कुणाकुणाच्या. वडिलांकडून येते, आईकडूनही.

वडील.
लढाईवरून लंगडत आलेले.
गोळी कुठं लागली, असं कुणी विचारलं की उठून जायचे.
एकदाच म्हणाले होते, सॉनामध्ये, आईला:
गोळी नाही गं. खंदकात हगवण लागली होती सगळ्यांना,
मग पाय.
आई हसली होती.

ऑगस्टमध्ये हिल्का कामावर गेली.
तळघराच्या अकरा पायऱ्या, एकेक करून.
नवी गाजरं आली होती, माती लागलेली.
ती स्टूल ओढून बसली
आणि पाय, वडील ठेवायचे तसा,
लांब, सरळ.